रहिवाशांचा मंच: खरं नाव, टोपणनाव की निनावी?

घोडबंदरचा_घोडा

ठाण्यात घोडबंदर रोडवर कासारवडवली ते मानपाडा पट्ट्यातल्या सोसायट्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. पाणी, टँकर, सर्व्हिस रोडचे खड्डे, मेट्रोच्या कामाचा खोळंबा, हेच विषय. सदस्यसंख्या १०२४ च्या मर्यादेला टेकली, म्हणून स्वतःचं छोटं संकेतस्थळ काढायचं चाललंय. गाडी एकाच मुद्द्यावर अडलीय. काही जण म्हणतात आधार घ्या, नाव-आडनाव-फ्लॅट नंबर उघड दाखवा, शिवीगाळ आपोआप थांबेल. बाकीचे विचारतात, टँकरवाल्याबद्दल आणि बिल्डरबद्दल नावानिशी लिहिणार कोण?

जाणकारांनी तपशिलात सांगा. 'दोन्ही बाजूंत तथ्य आहे' छाप प्रतिसाद कृपया नकोत.

तपशीलवार

यात दोन प्रश्न आहेत. इतर सदस्यांना काय दिसते, हा एक. चालकांकडे काय साठते, हा दुसरा. आधार मागणारे लोक दुसऱ्याचे उत्तर पहिल्याला देत आहेत.

निनावी आणि टोपणनाव यांतही गल्लत होते. निनावी व्यवस्थेत एका लेखनाचा दुसऱ्याशी संबंध लागत नाही. आज खोटे लिहिले तरी उद्या काही बिघडत नाही. टोपणनाव वर्षानुवर्षे तेच राहिले की त्याला पत येते. 'अमुक आयडी टँकरचे दर नेहमी बरोबर टाकतो' हे लोकांना माहीत होते, त्यामागचा माणूस माहीत नसला तरी. ती पत गमावण्याची भीती हाच खरा लगाम. म्हणून आयडी काढणे सोपे ठेवा, परंतु बदलणे अवघड ठेवा. वर्षातून एकदाच नाव बदलता यावे आणि पुढचे तीन महिने जुने नाव खाली बारीक अक्षरात दिसावे.

खऱ्या नावाच्या सक्तीचा प्रयोग एका अख्ख्या देशाने करून पाहिला आहे. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर प्रतिक्रिया देण्याआधी ओळख पडताळणे सक्तीचे केले. आधी रोज ३ लाखांवर भेटी असलेल्या स्थळांना, २००९ पासून १ लाखावरच्यांना. त्यासाठी नागरिकांचे निवासी नोंदणी क्रमांक ठिकठिकाणी साठू लागले. २०११ मध्ये तिथल्या 'नेट' (Nate) आणि 'सायवर्ल्ड' या सेवांमधून सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. ऑगस्ट २०१२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने हा नियम रद्द केला. बेकायदा मजकूर घटल्याचे दिसत नाही, उलट लोक परदेशी स्थळांकडे वळतात, असे न्यायालयाचे म्हणणे होते. गूगल प्लसनेही २०११ मध्ये खऱ्या नावाचा आग्रह धरला आणि जुलै २०१४ मध्ये सोडून दिला.

फेसबुकवर लोक स्वतःच्या नावाने, मुलाबाळांच्या फोटोखाली बसून शिव्या देतात. नावाने जीभ आवरते हा समज तिथेच निकाली निघतो.

पामबीच_पायी

वरच्या प्रतिसादाला +१. एक गोष्ट राहिली.. आपल्याकडे आडनाव म्हणजे नुसतं आडनाव नसतं. जात, गाव, कधी कधी तालुकासुद्धा लोक त्यावरून लावतात, अन् मग मुद्दा बाजूला राहून 'तुमचे लोक' सुरू होतं. टोपणनावाचा सगळ्यात मोठा फायदा हाच. दुसरा फायदा बायकांना.. रात्री अकराला स्टेशनवरून रिक्षा मिळत नाही हे एखादीने नावासकट, फ्लॅट नंबरसकट लिहिलं, की तिचं वेळापत्रक अन् पत्ता दोन्ही हजार लोकांच्या हातात. फ्लॅट नंबर उघड दाखवायची कल्पना कुणाची आहे ? सोसायटीचं नावसुद्धा दाखवू नका.. 'वाघबीळ परिसर' एवढं पुरे.

अन् सध्याचा व्हॉट्सॲप ग्रुप निनावी होता असं कुणी समजू नये. तिथे मोबाइल नंबर सगळ्यांना दिसतो, नंबरवरून ट्रूकॉलरला नाव दिसतं. व्हॉट्सॲपच्या कम्युनिटीत घोषणांच्या ग्रुपमध्ये इतर सदस्यांना नंबर दिसत नाही, पण त्याखालच्या नेहमीच्या ग्रुपात दिसतो.. लोक इथेच फसतात. टेलिग्रामवर नंबर 'कुणालाच नाही' करता येतो, पण त्याच पानावर दुसरं सेटिंग असतं, 'नंबरवरून मला कोण शोधू शकतं'. तेही 'माझे संपर्क' करावं लागतं. सिग्नलने २०२४ मध्ये वापरकर्तानाव आणलं, तेव्हापासून नंबर न देता बोलता येतं.

सगळ्यात दुर्लक्षित छिद्र म्हणजे वर्गणी. यूपीआयने २०० रुपये पाठवले की घेणाऱ्याच्या स्क्रीनवर बँकेतलं नाव येतं. मग खजिनदार 'आजची जमा' म्हणून स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकतो.. झालं. मंचावरचं टोपणनाव अन् वर्गणीची नोंद एकाच यादीत कधीही ठेवू नका.

नोंदवही

आता चालकांकडे काय साठतं ते. आधार घेऊ नका, हे पहिलं आणि शेवटचं. खासगी संस्थांना आधार कायद्याच्या कलम ५७ खाली जी मुभा होती ती सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात काढून टाकली. शिवाय हजारभर लोकांच्या आधारप्रती पाचशे रुपये महिना भाड्याच्या सर्व्हरवर ठेवणं म्हणजे चोराला बोलावून किल्ली देणं.

रहिवासी आहे की नाही एवढंच तपासायचंय ना? मेंटेनन्सची पावती बघा. रक्कम आणि पावती क्रमांक झाकून चालेल. प्रत्यक्ष किंवा व्हिडिओ कॉलवर बघायची, प्रत घ्यायची नाही. प्रत घेतली की ती सांभाळणं आलं, आणि 'आम्ही डिलीट करतो' यात बॅकअप नेहमी विसरला जातो. डेटाबेसमधून ओळ उडवली तरी गेल्या ३० दिवसांच्या बॅकअपमध्ये ती बसलेली असते. नोंद एवढीच ठेवा: आयडी, 'तपासलं', तारीख. कुणी तपासलं तेही हवं, म्हणजे एखादा स्वयंसेवक ओळखीपाळखीने हिरवे टिक वाटत असेल तर सापडेल.

एका नंबरला एकच आयडी द्यायचा तर मोबाइल नंबर लागतो. इथे बहुतेकांचं उत्तर 'हॅश करून ठेवा' असतं, म्हणजे नंबराऐवजी गणिती सूत्राने काढलेला, उलट न फिरवता येणारा ठसा ठेवा, आणि ते अर्धवट आहे. आपले मोबाइल नंबर १० आकडी आणि ६ ते ९ ने सुरू होणारे, म्हणजे सगळ्या मिळून ४०० कोटी शक्यता. एसएचए-२५६ या साध्या सूत्राचे हॅश एक बरं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जाच्या घरात काढतं. डेटाबेस बाहेर गेला तर चहा गाळून होईपर्यंत सगळे नंबर उघडे. म्हणून गुप्त किल्ली वापरून हॅश करायचा, म्हणजे एचमॅक. किल्ली डेटाबेसमध्येही नको आणि त्याच्या बॅकअपमध्येही नको. सर्व्हरवर वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि एक प्रत कागदावर, सीलबंद.

प्रत्येक नोंदीला वेगळं 'मीठ' (सॉल्ट, म्हणजे हॅश करण्याआधी मिसळलेली कशीही निवडलेली अक्षरं) घालून भागेल असंही काहीजण सांगतील. तसं केलं तर तोच नंबर पुन्हा आला हे सहज ओळखता येत नाही, आणि आकडे इतके थोडे की एकेक नोंद तरीही फुटते.

कलम_दवात

कायद्याची बाजू थोडक्यात.

टोपणनाव वापरणं हा गुन्हा नाही. गुन्हा होतो तो दुसरा कुणी असल्याचं भासवून फसवलं की: माहिती तंत्रज्ञान कायदा, कलम ६६ड, ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. 'वाघबीळचा वाघ' हे नाव चालेल. सोसायटीच्या सेक्रेटरीचं नाव-फोटो लावून पैसे मागितले तर नाही. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा डिजिटल सही वापरली तर ६६क, शिक्षा तेवढीच. नाव लपवून धमकी दिली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१(४): धमकीच्या शिक्षेशिवाय आणखी २ वर्षांपर्यंत. म्हणजे निनावीपणा तिथे शिक्षा वाढवतो.

खरं नाव असलं की माणूस सुरक्षित, असंही नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये फेसबुकवरच्या मजकुरावरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली; एकीने लिहिलं होतं, दुसरीने नुसतं लाइक केलं होतं. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. ज्या ६६अ कलमाची त्यानंतर देशभर चर्चा झाली ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला घटनाबाह्य ठरवलं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हा नऊ न्यायाधीशांचा निकाल २४ ऑगस्ट २०१७ चा.

आता चालकांसाठी. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तुमचं स्थळ मध्यस्थ ठरतं, लहान असलं तरी. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क ठळक जागी छापावा लागतो. सदस्य टोपणनावाने राहतील, पण चालकांपैकी एकाला तरी नावानिशी उभं राहावंच लागेल. कोण राहणार ते आधी ठरवा, नाहीतर साइट सुरू व्हायच्या आदल्या रात्री सगळे मागे सरतात. नोंदणीसाठी घेतलेली माहिती सदस्याने खातं बंद केल्यावरही १८० दिवस जपायची असते, आणि अधिकृत तपास यंत्रणेचा लेखी आदेश आला तर ७२ तासांत द्यायची असते. म्हणून नोंदवही म्हणतात ते बरोबर: जे घेतलंच नाही ते जपावंही लागत नाही आणि द्यावंही लागत नाही. सदस्यत्वाच्या पानावर हे सरळ लिहा: 'आम्ही तुमचं नाव उघड करणार नाही, कायदेशीर आदेश आल्यास आमच्याकडे असेल ते देऊ.' 'शंभर टक्के गुप्तता' असं छापू नका.

नोंदवही

@कलम_दवात, लॉगबद्दल, म्हणजे सर्व्हरवर आपोआप साठणाऱ्या भेटींच्या नोंदींबद्दल, जोडतो. मोबाइल डेटावर एकच आयपी पत्ता एका वेळी शेकडो ग्राहकांत वाटलेला असतो. नुसत्या आयपीवरून कंपनीलाही माणूस सांगता येत नाही. पोर्ट क्रमांक आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते. बरेच सर्व्हर मुळात पोर्ट नोंदवतच नाहीत. आणि वेळ कुठली? सर्व्हर बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर असतो, पत्र लिहिणारा ती भारतीय वेळ समजून पाठवतो, साडेपाच तासांचा फरक पडतो आणि भलत्याच घराची बेल वाजते. लॉगमध्ये वेळेसोबत '+५:३०' किंवा यूटीसी लिहिलेलंच हवं.

शुद्धलेखन_पोलीस

टोपणनाव घेतलं की सुटलो असं वाटणाऱ्यांसाठी. हा धागाच बघा. पामबीच_पायी वाक्य तोडायला दोन टिंबं देतात, 'आणि' एकदाही नाही, सगळीकडे 'अन्', आणि प्रश्नचिन्हाआधी जागा सोडतात. तपशीलवार 'असते-होते' लिहितात, 'पण'ला 'परंतु' वापरतात. या दोघांनी उद्या नवीन आयडी काढले तर चार प्रतिसादांत ओळखू येतील. विषय बदलता येतो. 'पण-परंतु', 'म्हणून-त्यामुळे', 'नि-आणि' असे जोडशब्द माणूस न बघता टाकतो, म्हणून लेखक ओळखणारे तज्ज्ञ मोठ्या शब्दांकडे न बघता यांचीच मोजणी करतात.

मराठीत याहून बारीक खूण आहे, कळफलकाची. 'दुसऱ्या' हा शब्द दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकात नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि य: 'दुसर्‍या'. दिसायला जवळजवळ सारखे, आतून वेगळे. 'ॲडमिन'चंही तसंच. कुणाचा ॲ एकसंध अक्षर असतो, कुणाचा अ वर चंद्र बसवलेला. पानावर 'ॲडमिन' शोधून काही सापडत नाही आणि समोर तर शब्द दिसतोय, असं झालं तर समजा लिहिणाऱ्याचा कळफलक वेगळा आहे.

उपाय? रोजच्या तक्रारींसाठी काही करायची गरज नाही. खरोखर धोक्याचं काही लिहायचं असेल तर आधी मुद्दे सुटे लिहा, मग दुसऱ्या कळफलकावरून छोट्या वाक्यांत प्रमाण भाषेत पुन्हा टंका. आवडते वाक्प्रचार काढा. आणि नेहमीच्या वेळी टाकू नका. रोज रात्री साडेअकराला येणारा माणूस नव्या आयडीनेही साडेअकरालाच येतो.

पामबीच_पायी

पकडलंत.. अन् हे वाचूनही सवय जाणार नाही.

कोपरखैरणे_टेन

भाषेपेक्षा माणसं जास्त पकडली जातात ती तुकड्यांनी. नवी मुंबईत हे फारच सोपं आहे, कारण पत्ताच सेक्टरमध्ये कापलेला. समजा एका आयडीने जानेवारीत लिहिलं 'आमच्या नेरूळच्या सेक्टरमध्ये उद्यानासमोर', मार्चमध्ये 'ठाण्याची ट्रान्स-हार्बर सुटली', जूनमध्ये 'मुलीची दहावी', सप्टेंबरमध्ये 'आम्हा दंतवैद्यांना'. एकेक वाक्य निरुपद्रवी. चारही एकत्र केली तर त्या सेक्टरमधे ट्रेनने ठाण्याला जाणारे, दहावीत मुलगी असलेले दंतवैद्य किती असतील? बहुधा एकच.

हा नुसता तर्क नाही. २००६ मध्ये एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने संशोधनासाठी साडेसहा लाख वापरकर्त्यांचे शोध नावं काढून, नावाजागी क्रमांक घालून प्रसिद्ध केले. काही दिवसांतच न्यूयॉर्क टाइम्सच्या पत्रकारांनी त्यातल्या एका क्रमांकामागची बाई जॉर्जियातल्या तिच्या घरी जाऊन गाठली. ती जे शोधत होती त्यातच तिचं गाव आणि आडनाव होतं.

तर सदस्यांना सांगायच्या गोष्टी. खड्ड्याचा फोटो टाकताना मागची सोसायटीची पाटी, गाडीचा नंबर, बाल्कनीतून दिसणारा देखावा कापा. येऊरचा डोंगर कुठल्या कोनातून दिसतो यावरून इमारतच काय, मजलासुद्धा सांगणारे महाभाग आहेत. फोटोच्या पोटात जीपीएस असू शकतं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ते निघून जातं, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसंच्या तसं जातं. तुमच्या संकेतस्थळाने तर फोटो चढतानाच ही माहिती पुसायला हवी. सदस्यांवर सोडू नका. वर्ड किंवा पीडीएफ जोडली तर फाइलच्या गुणधर्मांत 'लेखक' म्हणून संगणकाच्या मालकाचं नाव असतं. गूगल फॉर्मने सर्वेक्षण घेताना 'ईमेल गोळा करा' बंद केलंत तरी फॉर्ममध्ये फाइल चढवायचा प्रश्न ठेवला तर लॉगिन लागतं आणि फाइलच्या नावालाच चढवणाऱ्याचं नाव चिकटतं. 'निनावी सर्वेक्षण' म्हणून असा फॉर्म फिरवणं ही फसवणूकच.

अवांतर: ठाण्यात ज्यांच्या नावाचं रंगायतन आहे त्या राम गणेश गडकरींनी नाटकं स्वतःच्या नावाने लिहिली, कविता 'गोविंदाग्रज' म्हणून आणि विनोद 'बाळकराम' म्हणून. कामाप्रमाणे वेगळं नाव ही कल्पना आपल्याला नवी नाही. पाण्याच्या तक्रारीचा आयडी आणि पाककृतींच्या ग्रुपातला आयडी एकच ठेवायचं काही कारण नाही. ईमेलही वेगळा हवा. तोच ईमेल दोन्हीकडे दिला की प्रोफाइल चित्र आपोआप उचलणाऱ्या सेवा दोन्हीकडे तोच चेहरा लावतात.

घोडबंदरचा_घोडा

जबरदस्त माहिती. आधार बाद, फ्लॅट नंबर बाद. आता डुआयडींचं काय? सोसायटीच्या निवडणुकीच्या दिवसांत एकाच माणसाचे पाच आयडी एकमेकांना '+१' देत फिरतील.

तपशीलवार

आयपी सारखा आहे म्हणून कुणालाही काढू नका. वर नोंदवहींनी सांगितलेच आहे. शिवाय नवरा-बायको, क्लबहाऊसचे वायफाय, एकाच ऑफिसचे नेटवर्क अशी साधी कारणे असतात. तीन खुणा एकत्र आल्या तर विचार करावा: नोंदणी एकाच दोन-तीन दिवसांत, प्रतिसाद फक्त एकाच आयडीच्या बाजूने, आणि दोघे एकाच वेळी कधीही हजर नाहीत. खरी वेगळी माणसे कधीतरी एकमेकांशी असहमत होतात. डुआयडी होत नाहीत.

संशय असला तरी जाहीर पाडापाडी नको. दोन चालकांचे एकमत झाल्यावर खासगी निरोप, उत्तराला ४८ तास, मग निर्णय. जाहीर केले तर इतर सदस्यही आपापले संशय घेऊन येतात आणि मूळ विषय बाजूला पडून धाग्याचे काश्मीर होते.

मतदान मात्र वेगळे ठेवा. लिहिणे आयडीला, मत फ्लॅटला. पावती दाखवताना प्रत्येक फ्लॅटला एक मतचिठ्ठी क्रमांक द्यावा, जो आयडीशी जोडलेला नसेल. नव्या आयडीचे पहिले पाच प्रतिसाद तपासून प्रसिद्ध करा. तेवढ्याने निम्मे उत्साही गळतात.

कलम_दवात

आणि मंचावरचं लिहिणं म्हणजे तक्रार नव्हे, हे पहिल्या पानावर टाका. महापालिकेकडे किंवा उपनिबंधकांकडे काम व्हायला हवं तर अर्ज नावानेच जातो. निनावी अर्ज बहुधा फाइलला लागून राहतात. माहिती अधिकारात नाव आणि संपर्काचा पत्ता द्यावा लागतो, पण माहिती कशाला हवी याचं कारण द्यावं लागत नाही, तशी कलम ६(२) मध्ये स्पष्ट तरतूद आहे. कारण लिहून स्वतःला उघडं पाडू नका. माहिती टोपणनावाने गोळा व्हावी आणि अर्ज दोन-तीन तयार असलेल्या लोकांनी नावाने करावा, ही विभागणी चांगली चालते.

कोपरखैरणे_टेन

एखाद्याचं खरं नाव कुणी फोडलंच, तर काय करायचं तेही आधी लिहून ठेवा. ज्याचं नाव फुटलं त्याने 'हो, मीच' किंवा 'तो मी नव्हेच' काहीही लिहू नये. दोन्हींतून बातमी पक्की होते. आधी पूर्ण पत्त्यासकट आणि वेळेसकट स्क्रीनशॉट, मग चालकांना तक्रार. चालकांनी नुसता मूळ प्रतिसाद लपवून चालत नाही. ज्यांनी तो अवतरण म्हणून उचलला त्यांच्या प्रतिसादांत नाव तसंच राहतं. आयडीचं नाव बदललं तरी जुन्या अवतरणांत जुनंच दिसतं. ईमेलने गेलेल्या सूचना तर परत घेताच येत नाहीत, म्हणून सूचनेत पूर्ण मजकूर न पाठवता फक्त 'नवा प्रतिसाद आला' एवढंच पाठवा. पान दुरुस्त झाल्यावर गूगलच्या जुना मजकूर काढायच्या साधनात त्याचा पत्ता टाका, नाहीतर शोधात जुना उतारा दिसत राहतो. धमकी किंवा पाठलाग असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल किंवा पोलीस ठाणं. १९३० हा क्रमांक मुख्यतः पैशाच्या फसवणुकीसाठी आहे.

घोडबंदरचा_घोडा

शेवटचं. नोंदवही म्हणतात ती किल्ली कुणाकडे? आमच्याकडे सगळ्या गोष्टी अध्यक्षांच्या कपाटात जातात.

नोंदवही

तिथे तर मुळीच नको. ज्यांच्या विरुद्ध तक्रारी लिहिल्या जातात त्यांच्या कपाटात नंबर उलगडायची किल्ली ठेवलीत तर सगळी मेहनत पाण्यात. दोन वेगळ्या सोसायट्यांतले दोघे घ्या, कुठल्याच कमिटीवर नसलेले. सर्व्हरचा पासवर्ड एकाकडे, कागदावरची सीलबंद प्रत दुसऱ्याकडे. त्यातला एक बदलला की त्याच आठवड्यात नवी किल्ली. जुने हॅश नव्या किल्लीत आपोआप बदलत नाहीत, प्रत्येकाच्या पुढच्या लॉगिनला नंबर पुन्हा विचारून नवा हॅश बनवावा लागतो. त्यासाठी तीन महिन्यांची मुदत द्या आणि तोवर जुनी किल्ली जाळू नका.